ताटांतली अहिंसा

आहार हा विषय आमच्या देशांत फार प्राचीन काळापासून नीतिशास्त्राच्या कक्षेंत राहिला आहे. काय खावें, कोणाच्या हातचें खावें, कोणत्या तिथीस खाऊं नये, यांचा विचार आमच्या पूर्वजांनीं मोठ्या बारकाईनें केला. परंतु या सर्व विचाराचा रोख बहुधा खाणाराच्या शुद्धीकडे होता. अन्न पिकविणाराचें काय होतें, हा प्रश्न त्यांत क्वचितच विचारला गेला. अलीकडे शहरांतून जो एक नवा आहारधर्म पसरत आहे, त्याच्या निमित्तानें हा राहून गेलेला प्रश्न पुन्हां विचारण्याची चांगली संधि आली आहे, असें आम्हांस वाटतें.

या धर्माचे अनुयायी मांस व मत्स्य तर वर्ज्य मानतातच, पण दूध, तूप, मध हे पदार्थहि त्यांस निषिद्ध वाटतात. कारण दुधाच्या पेल्यामागें वासराची वंचना आहे आणि मधाच्या थेंबामागें माशीची. 'व्हीगन' हें त्यांचें इंग्रजी नांव १९४४ सालीं डोनाल्ड वॉटसन व त्याचे सोबती यांनीं इंग्लंडांत बनविलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांची संस्था निघाली. आज मुंबई-पुण्यास केवळ वनस्पतिज पदार्थ देणारीं उपाहारगृहें आहेत. त्यांतील कांहीं याहून एक पाऊल पुढें जाऊन, आपली भाजी रासायनिक खतें न वापरणाऱ्या एका लहानशा शेतांतून येते, असें अभिमानानें सांगतात. या दोन गोष्टींची, म्हणजे निरुपद्रवी ताट आणि निरुपद्रवी शेत यांची, सांगड घालण्याची कल्पना खरोखरच मोहक आहे. म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे.

वादासाठीं असें एक शेत पालघर तालुक्यांतील मासवण येथें आहे असें धरूं. गांव सूर्या नदीच्या कांठीं. एका बाजूस पालघर, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या नव्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. दुसऱ्या बाजूस बोईसर-तारापुरची कारखान्यांची दुनिया. तीन-चार एकरांच्या त्या शेतांत पावसाळ्यांत भात होतो, बांधावर तूर व शेवगा, मांडवावर दुधी आणि कारलीं, पाटाच्या कडेनें अळू. तेथील भाजी पालघर किंवा बोईसर येथील एका उपाहारगृहास जाते. तेथें बसलेलें गिऱ्हाईक शेवटचा घास घेतांना मनाशीं म्हणतें, "माझ्या या ताटापायीं कोणासहि इजा झाली नाहीं." हें म्हणणें खरें आहे काय, आणि खरें नसेल तर त्याची किंमत काय उरते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिली अडचण नांगरापासूनच सुरू होते. महाभारताच्या वनपर्वांत मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणास जो उपदेश करतो, त्यांत नांगराच्या फाळाखालीं असंख्य जीव मरतात याची आठवण तो मुद्दाम देतो. मांस विकणारा हा मनुष्य आपल्या धंद्याचें मंडन करण्यासाठीं तसें बोलतो असें कोणी म्हणेल. परंतु मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांतहि, लोखंडी मुखाचें लांकूड भूमीस व भूमींतील प्राण्यांस इजा करतें, हाच आक्षेप शेतीवर घेतला आहे. जैन विचारकांनीं याहून अधिक खोल विचार केला. त्यांनीं हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार कल्पिले. बुद्ध्या केलेली हिंसा गृहस्थासहि सर्वथा त्याज्य. पण उपजीविकेच्या उद्योगांत जी घडते ती त्यास पूर्णपणें टाळतां येत नाहीं, ती यत्नानें कमी करावयाची, असा त्यांचा निर्णय आहे. असि, मसि आणि कृषि या तिन्ही विद्या प्रथम ऋषभदेवांनींच शिकविल्या, अशीहि त्यांची परंपरा सांगते. तात्पर्य, ज्यांनीं अहिंसेचा विचार पराकोटीस नेला, त्यांनींहि शेत निष्पाप आहे असें म्हटलें नाहीं; शेत अपरिहार्य आहे, एवढेंच म्हटलें.

दुसरी अडचण खताची. रासायनिक खत न घालणाऱ्या शेतास बहुधा गुरांचा आधार लागतो. ज्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली त्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतींत 'जीवामृता'चें महत्त्व मोठें आहे; एका एकरास २०० लिटर पाण्यांत १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ, डाळीचें पीठ व मूठभर माती, असा त्याचा पाठ आहे. म्हणजे ज्या ताटांत दुधाचा थेंब नाहीं, त्या ताटांतलें वांगें गाईवांचून वाढत नाहीं! गाय आली कीं वासरूं आलें, वासरूं आलें कीं दूध कोणाचें हा प्रश्न आला. आणि तें वासरूं नर निघाल्यास त्याचा जन्मभर सांभाळ कोणी करावयाचा हा प्रश्न आला. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोवध बंद होता. २०१५ पासून बैल व वळू यांची कत्तलहि बंद झाली. कायद्यानें सुरी थांबविली, पण ट्रॅक्टर आल्यावर रिकाम्या झालेल्या बैलाच्या दावणींत चारा कोणी टाकावा, हें कायद्यास सांगतां येत नाहीं. शहरांतील निर्दुग्ध ताट आणि खेड्यांतील म्हातारा बैल यांचा संबंध तें ताट वाढणारास ठाऊक असेलच असें नाहीं. पण संबंध आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, गाईवांचूनहि शेत पिकवितां येतें. हें खरें आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण या भागास लागूनच आहे. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेपलीकडे, गुजरातच्या उंबरगांव तालुक्यांतील देहेरी येथें भास्कर सावे (१९२२–२०१५) यांनीं 'कल्पवृक्ष' नांवाचें सुमारें १४ एकरांचें शेत उभें केलें. सावे मूळचे शिक्षक. आरंभीं त्यांनीं स्वतः रासायनिक खतें वापरलीं. पुढें खर्च वाढत जातो आणि जमिनीचा कस उतरत जातो हें पाहून त्यांनीं तीं टाकलीं. नारळ, चिकू व इतर झाडें यांचा दाट मेळ, गळलेल्या पानांचें जमिनीवर कायम आच्छादन, झाडाच्या बुंध्याशीं पाणी न देतां दोन ओळींमधील चरांतून ओल पुरविणें, आणि नांगराचें काम गांडुळांवर सोंपविणें, ही त्यांची रीत. 'एका काडानें क्रांति' लिहिणारे जपानी कृषितज्ज्ञ मासानोबु फुकुओका यांनीं हें शेत येऊन पाहिलें व त्याची मुक्तकंठानें प्रशंसा केली. २००६ सालीं सावे यांनीं हरित क्रांतीचे धुरीण डॉ. स्वामिनाथन् यांस जें खुलें पत्र लिहिलें, तें या विषयाची आवड असणाऱ्या प्रत्येकानें वाचण्यासारखें आहे.

परंतु 'कल्पवृक्षा'पासून जो धडा मिळतो, तो निष्पापतेचा नव्हे, तर मनुष्याची ढवळाढवळ कमी करण्याचा आहे. तेथेंहि झाडें तोडावीं लागतात, तण कापून पसरावें लागतें, फळावर झडप घालणाऱ्या प्राण्यांशीं तडजोड करावी लागते. शेतकरी जितका शहाणा, तितकी त्याची हिंसा थोडी व उघड. ती नाहींशी होत नाहीं.

मग प्रयत्नच सोडून द्यावा काय? तसें म्हणणें म्हणजे अंगावर धूळ बसतेच म्हणून स्नान सोडण्यासारखें आहे. या बाबतींत महात्मा गांधींचें वर्तन मननीय आहे. १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील टॉलस्टॉय आश्रमांत त्यांनीं दूध सोडलें. पुढें जिवावरच्या दुखण्यांतून उठतांना, व्रत घेतेवेळीं आपल्या मनांत गाय व म्हैस यांचेंच दूध होतें, असा अर्थ करून त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. व्रताचें अक्षर राखलें, पण त्याचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनीं आत्मचरित्रांत लपविली नाहीं. आम्हांस या प्रसंगांत दुधापेक्षां ती खंत अधिक मोलाची वाटते. आपल्या ताटांत जें उणें आहे तें ओळखणें, त्यास सद्गुणाचें नांव न देणें, आणि तरीहि कमी हिंसेच्या दिशेनें चालत राहणें, यांतच आहारनीतीचें सार आहे. 'माझ्या ताटापायीं कोणासहि इजा झाली नाहीं' हें वाक्य खंत संपवून टाकतें. म्हणून तें आम्हांस धोक्याचें वाटतें.

आतांपर्यंत आम्हीं गांडुळाचा, गाईचा आणि बैलाचा विचार केला. मनुष्याचा विचार मुद्दाम शेवटीं ठेवला, कारण या प्रदेशांत तो सर्वांत जड आहे. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत जमीनदारांच्या माळांवर गवत होई. वारली तें कापीत, आणि तें गवत मुंबईच्या बाजारांत जाई. जमीनदाराची वेठ करणें, लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायकोनें मिळून 'लग्नगडी' म्हणून राबणें, हें त्या वारल्यांचें जिणें होतें. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांच्या मार्गदर्शनाखालीं ते वेठीविरुद्ध उठले आणि ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागूं लागले. त्या लढ्यांत पोलिसांच्या गोळ्यांनीं त्यांचे बळीहि पडले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या परुळेकरांच्या पुस्तकांत ही सर्व हकीकत आहे.

या हकीकतीचा आमच्या विषयाशीं काय संबंध? तो असा. त्या काळीं मुंबईंत मुंगीसहि पाय लागूं न देणारीं सात्त्विक कुटुंबें पुष्कळ होतीं. त्यांच्या घरीं येणारें दूध गवतावर निघे, आणि गवत वेठीवर निघे. ताट शाकाहारी होतें, मन कोमल होतें, हिंसा मात्र पुरेपूर होती. ती फक्त शंभर मैल दूर होती. अंतर हें असें विलक्षण सोंवळें आहे: तें कोणत्याहि पदार्थास शुद्ध करून आपल्यापुढें ठेवतें. दूध टाकून वनस्पतिज पदार्थ घेतले म्हणजे हें सोंवळें सुटतें असें नाहीं. दूरच्या मळ्यांतून आलेला बदाम, दूरच्या देशांतून आलेलें सोयाबीन, यांच्यामागें कोणाची वेठ आहे हें बदामाचें दूध पिणारास कोठें दिसतें?

यावर मासवणच्या शेताचा कैवारी लगेच म्हणेल, "म्हणूनच तर आम्ही जवळचें शेत निवडलें! जें डोळ्यांपुढें आहे, तेथें अन्याय कसा लपेल?" हा युक्तिवाद बळकट आहे, पण पुरा नाहीं. १९४५ चा जमीनदार वारल्याच्या पाड्यापासून दूर नव्हता. तो रोज त्याचें तोंड पाहत असे. केवळ जवळ असण्यानें माणूस न्यायी होत नाहीं. जवळ असणाऱ्या दुबळ्यास बोलण्याचा अधिकार असेल आणि त्याचें बोलणें बलवानास ऐकावें लागत असेल, तरच जवळपणास नैतिक अर्थ येतो. वारल्यांचा लढा हा मुळांत बोलण्याच्या अधिकाराचाच लढा होता. म्हणून शेत किती कोसांवर आहे हें विचारण्याबरोबरच, त्या शेतावर निंदणी करणारी बाई 'एवढ्या मजुरींत परवडत नाहीं' असें म्हणूं शकते काय, आणि तिनें म्हटल्यास ताटाची किंमत बदलते काय, हें विचारलें पाहिजे.

पाण्याची गोष्टहि अशीच आहे. सूर्येवर धामणी येथें धरण व त्याखालीं कवडास येथें बंधारा आहे. हा प्रकल्प मुख्यतः डहाणू-पालघरकडील शेतीस पाणी मिळावें म्हणून आंखला गेला. पुढें त्यांतील बराच वांटा शहरांकडे वळला, आणि वसई-विरारचें पाणी तर मासवण येथूनच उपसून नेलें जातें. आमच्या कल्पित शेतासमोरून जी नदी वाहते, तिचें पाणी त्या शेतास मिळो न मिळो, पन्नास-साठ किलोमीटरांवरील नळास मिळतें. पश्चिमेकडे तारापुरास १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. तेथील रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीचा प्रदूषण-निर्देशांक २०१८ च्या केंद्रीय मोजणींत ९३.६९, म्हणजे देशांत सर्वांत अधिक, भरला. त्या कारखान्यांत होणारीं औषधें व रंग आपण सर्वच वापरतों. तेव्हां वसई-विरारहून एखादें कुटुंब रविवारीं येऊन ते निर्मळ भोजन करतें, तेव्हां त्याच्या घरचें पाणी, त्याच्या अंगावरील वस्त्राचा रंग आणि त्याच्या कपाटांतील गोळी, यांनीं त्याच शेतावर आधींच एक भार टाकलेला असतो. ताट हा हिशेबाचा एक कागद आहे, सबंध वही नव्हे.

हें सर्व वाचून, आम्ही त्या लहान शेताच्या व त्या उपाहारगृहाच्या विरुद्ध आहों, असा समज कोणी करून घेऊं नये. आमचें मत नेमकें उलट आहे. अशा जोडीचें नैतिक मोल मोठें आहे. फक्त तें शुद्धतेंत नसून उत्तरदायित्वांत आहे. बाजारांतून आलेल्या वांग्यास आपण प्रश्न विचारूं शकत नाहीं, कारण तें कोणाचें हेंच कळत नाहीं. मासवणच्या वांग्यास विचारूं शकतों. जपानांत १९७० नंतर 'तेइकेइ' या नांवानें शेतकरी व गिऱ्हाईक यांचे जे करार होऊं लागले, त्यांचें एक तत्त्व असें कीं, शेतांत जें निघेल तें सर्व गिऱ्हाइकानें घ्यावें. यांत फार मोठें शहाणपण आहे. वेडेंवाकडें वांगें घेतलें जातें काय? पाऊस लांबला आणि भेंडी गेली, तर नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथीं येतें, कीं उपाहारगृहहि त्याचा वांटा उचलतें? भाद्रपदांत टोमॅटो नसेल तर 'आज नाहीं' असें सांगण्याचें धैर्य तेथें आहे काय? बहाडोलीचीं जांभळें, घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम ज्या दिवसांत येतील त्या दिवसांतच वाढले जातात काय? गाय असेल तर तिचा गोऱ्हा कोठें आहे? या प्रश्नांचीं उत्तरें जेथें मिळतात, तेथलें ताट निष्पाप नसलें तरी प्रामाणिक आहे. आणि मनुष्याच्या वांट्यास येणारी अहिंसा बहुधा एवढीच असते.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. जो नियम सर्वांस लागू करतां येत नाहीं तो नीतीचा नियमच नव्हे, असें कांटनें शिकविलें. तीन-चार एकरांचें शेत तीस-चाळीस पानें वाढील. मुंबई कशी जेवेल? आणि ज्या ताटास एका मजुराची दिवसाची कमाई पडते, तें ताट सर्वांचा आदर्श कसें होईल? त्याच मासवणच्या शेजारच्या पाड्यांत, पहिल्या पावसानंतर भाताच्या खाचरांत चढलेले मासे व बांधावरचे खेंकडे धरून खाणारीं कुटुंबें आहेत. तींहि जमिनीतून जेवढें लागेल तेवढेंच घेतात. त्यांस आपण हिंसक म्हणावें आणि मोटारीनें येऊन दुधाविना मिष्टान्न खाणारास अहिंसक म्हणावें, हें कोणत्या तराजूंत बसतें?

या आक्षेपाचें उत्तर असें. 'सर्वांनीं हेंच खावें' असा नियम जर त्या उपाहारगृहानें घातला, तर तो टिकणार नाहीं. पण 'जें खातां त्याचा भार कोणावर पडतो हें जाणा, आणि शक्य तेवढा आपणाकडे घ्या', हा नियम पाड्यावरील कुटुंबासहि लागू आहे व मुंबईच्या कुटुंबासहि. त्यांत एक फरक मात्र आहे: ज्याचा भार दुसऱ्यावर अधिक पडतो, त्याचें कर्तव्यहि अधिक. खेंकडा धरणाऱ्या वारल्याच्या ताटाचा भार त्या ओहोळापलीकडे जात नाहीं. आपल्या ताटाचा भार नदी, धरण आणि कारखाने ओलांडून जातो. म्हणून आहारनीतीचा उपदेश वरून खालीं, सुशिक्षितांकडून पाड्याकडे, जाण्याचें कारण नाहीं. त्याचें पहिलें पात्र आपणच आहों.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक कुटुंबें अशा उपाहारगृहांत वर्षांतून एखाद्या वेळीं जात असतील. घरच्या स्वयंपाकघरांत रोज जातात. तेथें या विचाराची परीक्षा अधिक कसून होते. पावसाळ्याच्या तोंडीं पालघर, बोईसर येथील स्टेशनाबाहेर पाड्यांवरच्या बाया शेवळें, टाकळा, कंटोळीं घेऊन बसतात. हें अन्न कोणी पेरलें नाहीं, त्यास खत नाहीं, त्यासाठीं नांगर चालला नाहीं. ताटांतली अहिंसा जर कोठें तिच्या अगदीं जवळच्या रूपांत सांपडत असेल, तर ती त्या जुडींत आहे. आणि त्याच जुडीपाशीं उभें राहून, दूध सोडलेला सज्जनहि 'दहाला दोन दे' म्हणून घासाघीस करतो. ती बाई पहांटे अंधारांत रान तुडवून आली आहे, विंचू-सर्पाच्या भीतीनें पाऊल टाकीत आली आहे, आणि संध्याकाळच्या गाडीपूर्वीं तिला टोपली रिकामी करावयाची आहे, म्हणून ती 'घ्या' म्हणते. भाजींत कोणता प्राणी नाहीं याची चौकशी आपण अवश्य करावी; परंतु तिनें सांगितलेले पैसे आधीं पुरे द्यावे.